तपासनीस काका आणि कापडाची वखार

माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून तपासनीस काका मला पहिलं वाक्य बोलले ते असं: "ही तुला कॉटन म्हणून विकली ना?"

मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या लेकीच्या दारात उभी होते. बेसमेंटमधली खोली भाड्याने घ्यायला आले होते, ओढणीची चौकशी होईल असं काही वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं. काकांनी टोक अंगठ्याने दोनदा चोळलं, उजेडाकडे धरलं आणि निकाल दिला, "निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे. फसवलं तुला. ये आत." नाशिकच्या ज्या दुकानातून आईने ती हौसेने घेतली होती त्या दुकानदाराचा मला राग आला, आणि काकांचा त्याहून जास्त आला.

काका मूळचे इचलकरंजीचे. मुंबईत एका निर्यात कंपनीत त्यांनी सदतीस वर्षं कापड तपासलं होतं. टेबलाखाली दिवा, टेबलावरून सरकणारं कापड, आणि समोर काका. सुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की खडूची खूण करायची आणि ठाण बाजूला काढायचं. पत्नी गेल्यावर ते दरवर्षी सहा महिने लेकीकडे, मंजिरीताईकडे, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या नदीकाठच्या एका जुन्या गिरणीगावात, यायला लागले. तिथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना आधी पाठीमागे 'तपासनीस' म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. काकांना ते आवडायचं. मात्र हे नाव प्रथम कुणी ठेवलं आणि त्यामागे त्याचा हेतू काय होता, याची चौकशी त्यांनी बरेच दिवस चालू ठेवली होती.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं: "आधी उलटी बाजू दाखव." कापड सुलट बाजूने सगळंच चांगलं दिसतं, दोष उलट बाजूला असतात, हे त्यांचं शास्त्र. ते त्यांनी जगाला लावलं होतं. दुधाचा कॅन घेतला की आधी मागचा बारीक मजकूर वाचायचे. मंडळात कुणी नवं जोडपं फार गोडगोड बोललं की घरी येऊन म्हणायचे, "यांची उलटी बाजू बघायला पाहिजे." मंजिरीताई वैतागून म्हणायची, "बाबा, प्लीज. लोक आपल्याकडे जेवायला येतात, क्वालिटी चेकला नाही." काका म्हणायचे, "तेच तर. जेवायला का येतात?"

मी स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात जुन्या इमारतींच्या जतनात मास्टर्स केलं आणि मंजिरीताईच्या या गिरणीगावातल्या एका छोट्या फर्ममध्ये लागले. काम असं की एखादी जुनी इमारत पाडायची किंवा बदलायची असली, की तिचा इतिहास आणि तिची आजची तब्येत यांचा रिपोर्ट लिहायचा. तो रिपोर्ट गावाच्या जुन्या इमारतींच्या समितीपुढे जातो आणि समिती परवानगी देते किंवा नाकारते. माझी पहिली मोठी इमारत म्हणजे नदीजवळची कापड व्यापाऱ्यांची वखार. पाच मजली, लाल विटांची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. इथले लोक अशा इमारतींना व्हिक्टोरियन म्हणतात. मी हा शब्द जेवताना उच्चारला आणि काकांनी घास थांबवला. "राणी इथे कधी आली होती?" मी म्हटलं, नाही आली, त्या काळाला तसं म्हणतात. "राज्य नाही आणि नाव मात्र लावायचं," काका म्हणाले, "मला बघायची आहे ही वखार."

मोजमापाला टेपचं दुसरं टोक धरायला मला कुणीतरी हवंच होतं. बॉसने हेल्मेट आणि एका फॉर्मवर सही एवढ्यावर परवानगी दिली. तो फॉर्म काकांनी दोन दिवस वाचला.

वखारीचा दर्शनी भाग म्हणजे नुसता थाट होता. तपकिरी दगडाच्या कमानी, दारावर कापसाच्या बोंडांची कोरीव नक्षी, दोन माणसं हातात हात घालून चढतील इतका रुंद जिना. मी काकांना तो कौतुकाने दाखवायला लागले तर काका शेजारच्या बोळात कधीच वळले होते. मागच्या अंगाला साध्या विटा होत्या, प्रत्येक मजल्यावर जमिनीपर्यंतचं एक लाकडी दार होतं आणि वर गठ्ठे चढवायच्या कप्पीचा गंजलेला लोखंडी हात. एक अरुंद, अंधारा जिना हमालांसाठी होता. काका तिथे उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "पुढची बाजू गिऱ्हाइकाला दाखवायला. धंदा इथून चालायचा." माझ्या दोन वर्षांच्या मास्टर्सचं सार त्यांनी हेल्मेटचा पट्टा बांधता बांधता सांगितलं होतं.

वखारीच्या किल्ल्या वॉल्टर नावाच्या सत्तरीच्या माणसाकडे होत्या. तो आधीच्या मालकाच्या काळापासूनचा राखणदार. कमी बोलायचा, आणि एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडकी घेऊन सारखा वर जायचा. बस, काकांना एवढं पुरलं. "हा वर काय करतो?" ते मला मराठीत कुजबुजले. मी म्हटलं, साफसफाई करत असेल. "रिकाम्या इमारतीत? कुणासाठी?" त्या दिवसापासून काकांचा एक डोळा टेपवर आणि एक वॉल्टरवर असायचा. वॉल्टर मात्र त्यांना रोज 'गुड मॉर्निंग, सर' म्हणायचा. त्यामुळे तर काकांचा संशय पक्काच झाला.

पाचव्या मजल्यावर एक मोठी खोली होती. छताला उत्तरेकडे तोंड केलेली काचेची लांब उतरती खिडकी, भिंतींना उत्तम लाकडी काम. मी मसुद्यात लिहिलं होतं, मालकाचं ऑफिस. काकांनी खोलीत पाय ठेवला, वर बघितलं, आपला तळहात उजेडात उलटासुलटा केला आणि म्हणाले, "मालक कशाला बसेल इतक्या उजेडात? इथे माल बसायचा." उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात रंग खरा दिसतो, ऊन आलं की रंग खोटं बोलतो, हे सगळं त्यांनी मला असं समजावलं की जणू काल संध्याकाळपर्यंत ते तिथेच नोकरीला होते. दूरदूरचे दुकानदार तो रुंद जिना चढून इथे येत असणार, लांब टेबलांवर कापड पसरलं जात असणार. खाली जड गठ्ठे, वर हलका नमुना, म्हणूनच लोखंडी खांबही वर जाताना बारीक होत गेले होते. मी मुकाट्याने 'ऑफिस' खोडलं.

त्यातलं एक टेबल भिंतीला खिळलेलं होतं म्हणून तसंच राहिलं होतं. त्याच्या कडेवर पितळी खिळे ठोकलेले होते, कापड मोजायला. दोन खिळ्यांत एक यार्ड, म्हणजे छत्तीस इंच. काकांनी माझ्या टेपने मोजलं. साडेपस्तीस. पुन्हा मोजलं. मग माझ्या टेपवर संशय घेतला, आणि दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचा कापडी टेप खिशात घालून आले. साडेपस्तीसच. "चोर," काका शांतपणे म्हणाले. मी म्हटलं, काका, मेलाय तो माणूस, त्याला मरून शंभर वर्षं झाली असतील. "मेला म्हणून अर्धा इंच परत आला का?" इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. माझा बॉसही खूश झाला. म्हणाला, ही गोष्ट रिपोर्टात हवीच, समितीला असलं फार आवडतं.

खरा प्रश्न होता ईशान्येच्या कोपऱ्याचा. तिथल्या तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजली होती आणि चौथ्या-पाचव्या मजल्याची जमीन खचली होती. मालक, म्हणजे ज्याने दोनेक वर्षांपूर्वी ही वखार विकत घेतली होती आणि ज्याने आमच्या फर्मला हे काम दिलं होतं, त्याचं म्हणणं होतं की इमारत म्हातारपणाने गेली आहे, आता पाडू द्या. म्हातारपणाने गेली असेल तर समिती परवानगी देते. मालकाने मुद्दाम कुजू दिली असेल तर देत नाही, उलट दुरुस्त करायला लावते. एवढंच ठरवायचं होतं, आणि ते माझ्या रिपोर्टावरून ठरणार होतं.

छतावरचं पावसाचं पाणी एका लोखंडी पाइपातून खाली जायचं. त्याचं तोंड तुंबलं होतं आणि सगळं पाणी त्या कोपऱ्यात मुरत होतं. मी ग्लोव्हज घालून हात घातला आणि कापडाचा एक मोठा बोळा ओढून काढला. बॉस म्हणाला, कापडाच्या वखारीत कापड सापडणारच, जुन्या चिंध्या असतील. मी तो बोळा प्लास्टिकच्या पिशवीत घरी आणला.

मंजिरीताईच्या अंगणात पत्र्याच्या टेबलावर काकांनी तो उलगडला. खिशातून ते आपलं घडीचं भिंग काढून वाकले ते पंधरा मिनिटं वर आलेच नाहीत. मग एक धागा काढून काडीने पेटवला. जळल्यावर उरलेलं बोटाने दाबून बघितलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कडक काळी गोळी होती. "सूत जळलं तर राख होते. ही गोळी झाली, म्हणजे पॉलिएस्टर आहे. तुझ्या साडेपस्तीस इंचवाल्याच्या काळात पॉलिएस्टर कुठलं?" मी म्हटलं, पण काका, पॉलिएस्टर येऊनही सत्तर वर्षं झाली असतील. "बरोबर विचारलंस," ते म्हणाले. मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं. "यात सूतही आहे. पाण्यात सूत कुजतं, पॉलिएस्टर उरतं. यातलं सूत अजून जागेवर आहे, ओढून बघ. दोन पावसाळे, फार तर तीन."

मग त्यांनी बोळ्याच्या घड्या दाखवल्या. पाण्याबरोबर वाहत आलेलं कापड चोळामोळा होऊन येतं. हे घट्ट गुंडाळलं होतं आणि त्याचं टोक आत खोचलं होतं. "हे आलेलं नाही. हे बसवलंय." आणि लगेच, "तुझा तो वॉल्टर."

दुसऱ्या दिवशी काका वॉल्टरच्या मागोमाग पाचव्या मजल्यावर गेले. मी धावत मागे, म्हातारे भांडतात की काय म्हणून. खचलेल्या कोपऱ्यात सात-आठ बादल्या ओळीने ठेवल्या होत्या आणि वॉल्टर गुडघ्यावर बसून जमीन पुसत होता. कुणी सांगितलं नव्हतं, या कामाचे कुणी पैसे देत नव्हतं. पाऊस झाला की तो येऊन बादल्या ओतायचा, इतकंच. "मजला वाचेल थोडा," तो म्हणाला. काकांनी त्याच्या हातातलं फडकं मागून घेतलं, चोळलं, भिंगातून बघितलं. जुने टॉवेल, शंभर टक्के सूत. "तुझा वॉल्टर सुटला," ते मला म्हणाले, पण आवाज पडला होता. घरी जाताना गाडीत म्हणाले, "मी त्या माणसाला चोर ठरवून बसलो होतो गं." दुसऱ्या दिवसापासून थर्मासमध्ये तिघांचा चहा यायला लागला. वॉल्टरनेच मग सांगितलं की नवा मालक आल्याबरोबर त्याची दोन माणसं 'छप्पर दुरुस्तीला' वर गेली होती, आणि अर्ध्या तासात खाली आली होती.

मी हे सगळं बॉसला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, दार लावलं आणि अगदी प्रेमाने समजावलं की आपण डिटेक्टिव्ह नाही. कोणी, कधी, का, हे आपण बघितलेलं नाही. "पाइपात साचलेला कचरा" एवढं लिही, ते खोटं नाही. मग विषय बदलल्यासारखं म्हणाला, तुझ्या व्हिसाचे कागद याच महिन्यात पाठवायचे आहेत ना? शंभर वर्षांपूर्वीची अर्ध्या इंचाची लबाडी रिपोर्टात चालत होती, दोन वर्षांपूर्वीची चालत नव्हती. हे मला तेव्हाही कळलं होतं. मी तरी "साचलेला कचरा" लिहिलं. भीती वाटली म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही. बाबांनी कर्ज काढून मला इथे पाठवलं होतं, आणि फर्मने कागद पाठवले नाहीत तर मला परत जावं लागलं असतं.

समितीच्या मीटिंगला चार दिवस होते आणि काकांचे सहा महिने संपले होते. त्या दिवशीचं विमान होतं, ते हॉलमध्ये बॅग भरत होते. वजनकाट्यावर स्वतः बॅग घेऊन उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, मग काटाच खोटा आहे म्हणून ताईला उभं करायचं, असं चाललं होतं. मी ऑफिसला निघाले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कापडाचं लिहिलंस ना?"

"लिहिलं," मी म्हटलं.

आता 'दाखव' येणार. मी लॅपटॉपची पिशवी छातीशी घट्ट धरली. सबबही तयार होती, की फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. दाणे भाजलेत का हे सुद्धा चावून बघणारा माणूस, आता तो चष्मा लावून वाचायला बसणार.

"बरं," काका म्हणाले, आणि बॅगेची चेन ओढली.

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी गाडीत बसले आणि पार्किंगमधून निघताच येईना मला. ओरडले असते, रिपोर्ट मागितला असता, खोटारडी म्हणाले असते तरी मी निभावलं असतं. ते 'बरं' मला सोसेना.

ते चार दिवस मी खाली एकटी असायचे तेव्हा मंजिरीताई रोज वरून हाक मारायची, जेवायला ये म्हणून. मला भूक नसायची, पण ताई ऐकायची नाही.

मीटिंग दुपारी होती, गावाच्या हॉलमध्ये. मोजमाप मी केलं होतं म्हणून बोलायचंही मीच होतं. कमानी, खांब, उत्तरेचा उजेड, सगळं सांगून झालं. अर्धा इंच सांगितल्यावर सगळे हसले. मग समितीतल्या पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी पान उलटून विचारलं, "पाइपात कचरा साचला होता असं लिहिलंय. कसला कचरा?"

बॉस माझ्याकडे बघत होता. मालकाचा वकील फोनकडे बघत होता. "कापड," मी म्हटलं. "नवीन कापड. कुणीतरी गुंडाळून बसवलेलं." पर्समध्ये ती प्लास्टिकची पिशवी होती. का ठेवली होती ते विचारू नका, मला माहीत नाही. मी ती टेबलावर ठेवली आणि काकांनी सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं: राख आणि गोळी, सूत आणि पाणी, घड्या. शेवटी हेही सांगितलं की मी हे रिपोर्टात लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही.

समितीने पाडायची परवानगी नाकारली आणि मालकाला छप्पर दुरुस्त करायला लावलं. महिन्याच्या आत फर्मकडे माझ्यासाठी काम उरलं नाही. व्हिसाचे कागद गेलेच नाहीत. दुसरी नोकरी शोधायला हाती साठ दिवस होते, नाहीतर देश सोडायचा. त्यातल्या त्रेपन्नाव्या दिवशी कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या एका कंपनीने मला घेतलं. इथे मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्यांच्या काचेच्या इमारतींची छपरं आणि पाइप तपासते. शंभर वर्षं जुनं इथे काहीच नाही. मला वखारीची आठवण येते आणि तिथल्या उजेडाची फारच येते.

निकाल लागला त्या दिवशी मी काकांना इचलकरंजीला फोन केला होता. परवानगी नाकारली, एवढंच सांगितलं. नोकरी जाणार हे दिसत होतं, पण ते नंतर सांगू म्हटलं आणि माझ्या खोट्याचं तर बोललेच नाही. काका म्हणाले, "वॉल्टरला सांगितलंस का? त्याला आधी सांग." मग माझी तब्येत विचारली आणि फोन ठेवला. पुढच्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ते गेले.

मंजिरीताईला भेटायला म्हणून मी पेनसिल्व्हेनियाला गेले, तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. म्हटलं, ताई, मी काकांशी खोटं बोलले होते, आणि त्यांनी न तपासता मानलं. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "त्या दिवशी एअरपोर्टला जाताना बाबा गाडीत पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होते. मग एकदम म्हणाले, त्या मुलीला मीटिंग होईपर्यंत रोज वर जेवायला बोलव, खाली एकटी बसू देऊ नकोस."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही गं. मग डोळे मिटून बसले."

तेव्हापासून मी ते एक 'बरं' तपासत बसले आहे. त्यांनी खरंच मानलं असेल, तर ज्या माणसाला आयुष्यात कुणी फसवू शकलं नाही त्याला मी फसवलं. आणि त्यांनी ओळखलं असेल, तर ओळखूनही त्यांनी मला चार दिवस दिले आणि माझ्या जेवणाची सोय लावून गेले. हे दुसरंच खरं असावं असं मला फार वाटतं, आणि इतकं वाटतं म्हणूनच मला त्याचा संशय येतो. ते असते तर मी सरळ विचारलं असतं. आणि त्यांनी जे सांगितलं असतं ते मी न तपासता मानलं असतं.